देवाच्या नावावर तिकीट

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात 'फिरायला जाणे' हा शब्दप्रयोग नाही. 'जाऊन येणे' आहे. जत्रेला जाऊन येणे, लग्नाला जाऊन येणे, मयतीला जाऊन येणे, दवाखान्यात जाऊन येणे. जायचे ते काही कामासाठी आणि परत यायचे ते दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी. माझ्या आईने चाळिशी ओलांडली आहे. तिने आजवर केलेला प्रत्येक प्रवास या चारपैकी कुठल्या तरी एका खान्यात बसतो. ही गोष्ट माझ्या नीट ध्यानात आली ती २०२५ च्या उन्हाळ्यात, कारण त्या उन्हाळ्यात आमचे घर कधी नव्हे इतके हिंडले. पाडव्यापासून पावसापर्यंत चार प्रवास झाले, आणि पाऊस तर त्या वर्षी मे महिन्यातच येऊन धडकला. सुट्टी संपल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर त्या प्रवासांचा हिशेब मांडला. पैशांचा हिशेब वडिलांनी मांडलाच होता. माझा हिशेब वेगळा होता. कोण गेले, कोणाच्या परवानगीने गेले, आणि काय सांगून गेले, एवढेच मी लिहिले. त्या पानावरून जे मत बनले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिला प्रवास शिखर शिंगणापूरचा. माण तालुक्यातल्या माणसाला शंभुमहादेवाची ओळख करून द्यावी लागत नाही; पण आपल्या कॉलेजात बाहेरगावचे विद्यार्थीही आहेत, म्हणून चार ओळी लिहिते. चैत्र शुद्ध अष्टमीला तिथे शिवपार्वतीचे लग्न लागते. लांबच लांब कापडाचा ध्वज शंभुमहादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत बांधतात. द्वादशीला मुंगी घाटातून कावडी वर चढतात. घाट म्हणजे नुसता खडकाळ कडा. माणसे एकमेकांना हात देत साखळी करतात आणि पाण्याने भरलेली कावड वर सरकते. सासवडच्या तेल्याभुत्याच्या कावडीचा मान मोठा. डोंगर कोरडा, मुलूख दुष्काळी. भोसले घराण्याचे हे कुलदैवत. मालोजीराजांनी तिथे तळे बांधले तेही पाण्याची टंचाई पाहूनच. देवाकडे पाणी मागायला जाण्याऐवजी देवालाच पाणी नेऊन घालणारी ही माणसे माझी आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

आमच्या भावकीच्या कावडीला खांदा पुरुषांचा. बायकांच्या डोक्यावर शिदोरीचे गाठोडे आणि काखेत पोर. डोंगराच्या पायथ्याला आईने आणि चुलतीने तीन दगडांची चूल मांडली, आणि भावकीच्या चाळीस माणसांचा स्वयंपाक केला. कावड घाटात शिरली तेव्हा 'हर हर महादेव' असा आरोळा उठला. आईने तो ऐकला. कावड मात्र तिने पाहिली नाही, कारण तव्यावर पोळी होती. संध्याकाळी परतताना मी तिला विचारले, "आई, तुला काय मिळालं गं?" ती म्हणाली, "लई बरं वाटलं." मला नवल वाटले. धूर, ऊन आणि चाळीस पानांची उष्टी यांत बरे वाटण्यासारखे काय होते? मग घरी आल्यावर उलगडा झाला. आईच्या दोन बहिणी दोन वेगळ्या गावांत दिल्या आहेत. तिघींच्या सासरांमध्ये एसटीने दोन तासांचे अंतर आहे. पण वर्षात तिघी एकत्र भेटतात ती जागा एकच, शिंगणापूरची जत्रा. नुसते 'बहिणीला भेटायला जाते' म्हटले तर तिघींनाही घरातून विचारले जाईल, "कशाला? काय काम निघालं?" देवाला जाते म्हटले की कोणी विचारत नाही.

दुसरा प्रवास चुलत बहिणीच्या लग्नाचा, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराचा. त्याविषयी लिहीत नाही, कारण लग्ने सगळ्यांनीच पाहिलेली असतात. तिसरा प्रवास लग्नानंतरच्या देवदेवाचा. नव्या जोडप्याने कुलदैवतांचे दर्शन घेतल्याखेरीज आमच्याकडे संसार सुरू होत नाही. भाड्याच्या गाडीत सतरा माणसे बसली. फलटण, लोणंद, नीरा करीत आम्ही जेजुरीला पोचलो. नवरदेवाने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या ही तिथली रीत. आमचे भाऊजी तिसऱ्या पायरीवर लटपटले तेव्हा चुलती इतकी हसली, की तिला बसावे लागले. तिला तसे हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते. तिथून पुढे तुळजापूर. रात्री एका ओसरीत आम्ही बायका ओळीने पडलो. चुलती अंधारात म्हणाली, "वरसात दोनच राती मी उद्याच्या भाकरीचा इचार न करता झोपते. त्यातली ही एक." दुसरी कोणती ते मी विचारले नाही.

या देवदेवापायी चुलत्यांना कर्ज काढावे लागले. लग्नाचे कर्ज होतेच, त्यात गाडीभाडे आणि जागरण-गोंधळाचा खर्च मिळाला. ते अजून फिटायचे आहे. हे मी लपवून ठेवत नाही, कारण माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू तीच आहे.

आपल्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेला 'यात्रा-जत्रांवरील खर्च अनाठायी आहे' अशा धर्तीचा विषय वारंवार येतो. अनुकूल बाजूचा वक्ता उठतो आणि कर्ज, गर्दी, अस्वच्छता, बुवाबाजी यांची यादी वाचतो. प्रतिकूल बाजूचा वक्ता उठतो आणि संस्कृती, परंपरा, एकात्मता यांची यादी वाचतो. टाळ्या दोघांनाही पडतात. मी दोन्ही बाजूंची भाषणे ऐकली आहेत आणि दोघांचेही बरेचसे म्हणणे मला पटते. पण माझी आई यांपैकी कोणाच्याच भाषणात मला सापडली नाही. एका वक्त्याच्या दृष्टीने ती भाबडी, दुसऱ्याच्या दृष्टीने ती परंपरेची वाहक. प्रत्यक्षात ती बहिणींना भेटायला गेलेली एक बाई होती, आणि त्यासाठी तिच्यापाशी देवाखेरीज दुसरा परवाना नव्हता. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे: आमच्यासारख्या घरांत यात्रा हा श्रद्धेचा भाग आहेच, पण त्याहून अधिक तो बाहेर पडण्याचा परवाना आहे. विशेषतः बायकांचा. ज्यांना कारण न सांगता घराबाहेर पडता येते त्यांनी या परवान्याला हसू नये. आणि ज्यांच्या हाती घराचा दरवाजा आहे त्यांनी असा परवाना लागतो यात भूषण मानू नये.

हे काही आजचे नाही. अभ्यासाच्या निमित्ताने जे थोडे वाचन झाले त्यातही मला हेच दिसले. विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने, घरचे कर्ज फेडावे म्हणून. वाटेत बंडाची धुमाळी, झाशीचा वेढा, लूट असे सगळे त्यांच्या डोळ्यांदेखत घडले. परत येताना त्यांनी आईवडिलांच्या स्नानासाठी कावडीतून गंगेचे पाणी आणले. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली छापून निघाले आणि आज आपण ते मराठीतले एक महत्त्वाचे प्रवासवर्णन म्हणून वाचतो. कुटुंब, धर्म आणि प्रवास हे तीन धागे त्यात एकात एक विणलेले आहेत. धर्माचे निमित्त नसते तर कोकणातल्या त्या गरीब माणसाने झाशी कशाला पाहिली असती?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचे धाडस केले. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत पायी हिंडले. त्यात दुष्काळ आला आणि रमाबाईंनी आईवडील गमावले. त्या भ्रमंतीत त्यांनी सोसले अपार. पण ज्या काळात त्यांच्या वयाच्या मुली माजघर आणि परसू यांच्यामध्ये आयुष्य काढत होत्या, त्या काळात या मुलीने देश पाहिला होता. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, अमेरिकेला गेल्या, आणि १८८९ साली त्यांचे अमेरिकेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ती बाई परदेशात बिचकली नाही याचे एक कारण मला असे वाटते, की वाट तुडवण्याची सवय तिच्या पायांना लहानपणीच लागली होती. ती सवय लागली तीर्थयात्रेमुळे.

अर्थात यात्रेने सगळ्यांना सगळेच दिले असे कोणी समजू नये. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात वारीतली माया लिहिली, तशी त्याच वारीतली वेगळी पंगतही लिहिली. एका वाटेने चालणारी माणसे जेवायला वेगवेगळी बसत, हे त्यांनी पाहिले आणि त्याचे त्यांना दुःख झाले. पंढरपूरला चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीपाशी आहे. त्यांच्यामागून शतके गेली आणि साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केल्यावर त्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या माणसांना उघडले. वाट सर्वांची होती, पण दार सर्वांचे नव्हते. तेव्हा यात्रेचे गोडवे गाताना ही गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे. परवाना देणारा कोणी असला, की तो नाकारणाराही तोच असतो.

आता आजच्या काळाकडे येते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्या दरम्यान धावली. आमच्या भागात मुली शिकल्या त्या शाळांइतक्याच एसटीमुळे शिकल्या. मीही बारावीपर्यंत मोफत पासावर रोज चौदा किलोमीटर जाऊन येऊन शिकले. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले. त्याआधी, ऑगस्ट २०२२ पासून, पंच्याहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. माझी आजी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. पिशवीत आधार कार्ड ठेवून ती गाडीत अशा ऐटीने बसते, की गाडी तिच्याच मालकीची वाटावी. "कुठं जायचंय आजी?" असे कंडक्टरने विचारले तर ती म्हणते, "तू न्हेशील तितं." सगळी गाडी हसते.

पण मी एक निरीक्षण नोंदवते. अर्धे तिकीट झाल्यावर आमच्या आळीतल्या बायका कुठे कुठे गेल्या? माहेरी जास्त वेळा गेल्या, हे खरे. बाजाराला गेल्या. आणि देवाला गेल्या. अक्कलकोट, गोंदवले, तुळजापूर, पंढरपूर. नुसता किल्ला पाहायला, धरण पाहायला, एखाद्या शहरात मैत्रिणीकडे राहायला कोणी गेल्याचे माझ्या माहितीत नाही. तिकीट अर्धे झाले, 'कशाला जायचंय?' हा प्रश्न पूर्वीइतकाच पुरा राहिला. सरकारला तिकिटाचे पैसे कमी करता येतात. त्या प्रश्नाचे ओझे कमी करणे मात्र घरातल्या माणसांच्याच हाती आहे.

चौथा प्रवास या प्रश्नाशीच निगडित आहे. मेच्या मध्याला दहावीचा निकाल लागला आणि माझा धाकटा भाऊ पास झाला. त्याच संध्याकाळी आईने जाहीर केले, की तिने गणपतीपुळ्याच्या गणपतीला नवस बोलला होता, पोरगा पास झाला तर दर्शनाला येईन म्हणून. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. हा नवस कोणी ऐकला नव्हता. आमच्या सात पिढ्यांत गणपतीपुळे कोणी पाहिले नव्हते. आजी म्हणाली, "अगं, आपला म्हादेव जवळ हाय की. एवढ्या लांबच्या देवाला कशाला नवस बोललीस?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बोलले गेले. आता फेडाय नगं का?" नवस म्हटल्यावर वडीलही गप्प बसले. नवस राहिला तर पोराला त्रास होईल ही भीती आमच्याकडे कर्जाहून मोठी आहे.

आम्ही एसटीने निघालो. वडिलांचे आणि भावाचे पूर्ण तिकीट, आईचे आणि माझे अर्धे, आजी मोफत. सातारा, कराड, पाटण करीत कोयनानगर मागे टाकले, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आलो आणि रत्नागिरीवरून पुळ्याला पोचलो. गणपतीपुळ्याला डोंगरच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा घालायची ती सबंध डोंगराला. आईने ती इतक्या झपझप घातली, की आम्हाला तिच्या पायाला पाय लावता येईना. दर्शन झाले, नारळ फुटला, नवस फिटला. आणि मग देवळासमोर जो समुद्र आहे त्याच्या पाण्यात आई जाऊन उभी राहिली. घोट्यापर्यंत पाणी, लुगड्याचा काठ भिजलेला. तासभर ती तिथून हलली नाही. बोललीही नाही. वडील दोनदा हाका मारून आले. शेवटी मीच जवळ गेले. ती एवढेच म्हणाली, "एवढं पाणी असतंय व्हय गं?"

ज्या बाईने उभे आयुष्य हंडे मोजत पाणी भरले, टँकरच्या मागे पळत भरले, तिचे हे वाक्य आहे. मी ते माझ्या त्या वहीत लिहून ठेवले आहे. तो नवस तिने कधी बोलला, की बोललाच नव्हता, हे मी तिला विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. माझी खात्री आहे, की तिला समुद्र पाहायचा होता. 'मला समुद्र पाहायचाय' हे वाक्य उच्चारायला आमच्या घरात जागा नव्हती, म्हणून तिने ते देवाच्या तोंडून वदवले. त्यात तिने देवाला फसवले असे मला वाटत नाही. देवाला मन कळते असे आमची आजीच सांगते. तसे असेल तर हा नवस त्याला आपणा सर्वांच्या आधी कळला असणार.

यावर कोणी म्हणेल, की मग तक्रार कशाची? आईला समुद्र दिसला, देवाचे दर्शन घडले, दोन्ही कामे झाली. माझी तक्रार अशी, की ज्या गोष्टी देवाच्या नावावर बसत नाहीत त्या आम्हाला मिळत नाहीत. आपल्या इतिहास विभागाची सहल गेल्या वर्षी अजिंठा-वेरूळला गेली. मी घरी विचारले. वडील म्हणाले, "कशाला? लेण्यांत काय हाय?" मी इतिहासाचे महत्त्व सांगितले, पण त्याचा उपयोग झाला नाही. माझ्याच वर्गातली एक मैत्रीण मात्र गेली. तिने घरी सांगितले होते, की वेरूळला घृष्णेश्वर आहे, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. लगेच परवानगी मिळाली. वर आईने नारळ आणि अकरा रुपये देवाला घालायला दिले. मैत्रिणीने दर्शनही घेतले आणि कैलास लेणेही पाहिले. परत आल्यावर तिने मला ते इतके रंगवून सांगितले, की मला तिचा हेवा वाटला. तिने खोटे सांगितले नव्हते, घृष्णेश्वर तिथे आहेच. पण एकोणीस वर्षांच्या, इतिहास शिकणाऱ्या मुलीला लेणी पाहण्यासाठी ज्योतिर्लिंगाची चिठ्ठी लागावी, हे मला लाजिरवाणे वाटते. तिच्यासाठी नव्हे, आपल्या समाजासाठी.

वडिलांची बाजूही मला मांडली पाहिजे. ते गवंडी आहेत. पुणे, सातारा, पनवेल अशा कितीतरी ठिकाणी त्यांनी भिंती उभारल्या. पण ज्या शहरांत घरे बांधली ती शहरे त्यांनी पाहिली नाहीत. दिवसभर कामावर आणि रात्री तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये. फिरणे म्हणजे काय हे त्यांना कोणी दाखवलेच नाही. प्रवासात पैसे जातात आणि अंग दुखते, एवढाच त्यांचा अनुभव. शिवाय मुलगी चार दिवस बाहेर राहिली तर आळीतली माणसे काय म्हणतील, ही धास्ती आहेच. देवाला गेलेल्या मुलीविषयी कोणी काही बोलत नाही. सहलीला गेलेल्या मुलीविषयी बोलतात. म्हणजे देवाचे नाव हे एका अर्थी लोकांच्या तोंडाला लावलेले कुलूप आहे. वडिलांनी मला अडवले तेव्हा त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांच्या हाती दुसरे कुलूप नव्हते, एवढेच.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. प्राध्यापकांना विनंती, की सहलीची नोटीस फलकावर लावून थांबू नये. आपल्या कॉलेजातल्या बहुतेक मुली माझ्यासारख्याच घरातून आल्या आहेत. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात असेल तर 'शैक्षणिक सहल' म्हणजे काय हे आईवडिलांना कळायचे कसे? एखाद्या प्राध्यापिकेने दोन गावांत जाऊन दहा मिनिटे बोलावे. सोबत कोण आहे, मुक्काम कुठे आहे, परत कधी येणार, हे कागदावर लिहून द्यावे. आणि वर्षातून एकदा विद्यार्थ्यांच्या आयांसाठी एक दिवसाची सहल काढावी. अर्धे तिकीट आहेच. जवळचा एखादा किल्ला चालेल, धरण चालेल, वस्तुसंग्रहालय चालेल. स्वयंपाक मात्र त्यांच्याकडून करून घेऊ नये. डबे आपण मुलामुलींनी न्यावेत. कावड चढत असताना आई चुलीपुढे होती, तसे इथे होऊ नये.

विद्यार्थी मित्रांना विनंती, की वादविवादात 'अंधश्रद्धा' हा शब्द उच्चारण्यापूर्वी एकदा घरी जाऊन आईला विचारावे, "तू जत्रेला कशासाठी जातेस?" उत्तर 'देवासाठी' असे आले तर तिथे न थांबता थोडा वेळ बसावे. पुढची उत्तरे सावकाश येतात. आणि पुढच्या जत्रेत पोळ्या लाटायला एक दिवस आपण बसावे, म्हणजे तिला कावड पाहता येईल. श्रद्धेवर मोठी भाषणे करण्यापेक्षा हे अवघड आहे, पण उपयोगाचे आहे.

मैत्रिणींना मात्र मी वेगळे सांगते. आईच्या पिढीने नवस बोलून समुद्र पाहिला, ते त्यांचे शहाणपण. आपण शिकलो आहोत, आपल्याला थोडे अधिक धीट व्हावे लागेल. या वर्षीच्या सहलीची नोटीस लागली आहे: बदामी, ऐहोळे, पट्टदकल. बदामीजवळ बनशंकरीचे मोठे देवस्थान आहे आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ घराण्यांचे ते कुलदैवत आहे. दोन मैत्रिणींनी मला सुचवले, "बनशंकरीचं नाव सांग, काम होईल." होईल हे मलाही ठाऊक आहे. तरी मी घरी बनशंकरीचे नाव काढले नाही. जेवताना वडिलांना सांगितले, "आण्णा, मला लेणी आणि जुनी देवळं बघायला जायचंय. अभ्यासाला उपयोग आहे, आणि मला बघायचीही आहेत." ते बराच वेळ जेवत राहिले. आई ताटाकडे पाहत होती. मग त्यांनी विचारले, "पैसे किती भरायचेत?"

होकार अजून मिळालेला नाही. पैसे भरण्याची मुदत पंधरा दिवसांवर आहे, आणि घरावर चुलत्यांच्या कर्जाला हातभार लावण्याचा भारही आहे. कदाचित पैशामुळे या वर्षीही माझे जाणे होणार नाही. पण 'किती' हा प्रश्न आणि 'कशाला' हा प्रश्न यांत फार अंतर आहे. 'किती'चे उत्तर मला शोधता येईल. सुट्टीत रोजगार करून, बचत करून, पुढच्या वर्षी. 'कशाला'चे उत्तर मी इतकी वर्षे शोधत होते आणि ते देवाखेरीज कुठे सापडत नव्हते.

शिखर शिंगणापूरला मी पुढच्या चैत्रातही जाणार आहे, हात जोडून जाणार आहे. आजीचा महादेव माझाही आहे. पण त्याने आमच्यासाठी पुष्कळ वर्षे रहदारीच्या परवान्याचे काम केले. बहिणींच्या भेटी त्याच्या नावावर, चुलतीची निवांत झोप देवाच्या नावावर, आईचा समुद्रही देवाच्या नावावर. हे ओझे आता आपण त्याच्या खांद्यावरून उतरवून घ्यावे. भेटायचे असेल तर भेटायला जाते म्हणावे, पाहायचे असेल तर पाहायला जाते म्हणावे. मग आपण ज्या दिवशी देवाला जाऊ, त्या दिवशी खरोखरच देवाला जाऊ.